झेंड्याच्या आधीची चौदा वर्षं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबतचा आराखडा, दोन्ही मिळालं. लोकसाहित्य शिकायला एस्टोनियातल्या तार्तूला गेलीस आणि पहिल्याच मोठ्या निबंधासाठी एस्टोनियन विद्यार्थी मंडळाचा, त्यांच्या भाषेत ‘एस्ती उलिओपिलास्ते सेल्त्स’चा इतिहास निवडलास, याचा मला मनापासून आनंद झाला. विषय मोलाचा आहे. म्हणूनच आराखड्याबद्दल स्पष्ट लिहितो.

तू सुरुवात केली आहेस 4 जून 1884 पासून, म्हणजे ओटेपा गावच्या धर्मगुरूंच्या घरात मंडळाच्या निळ्या-काळ्या-पांढऱ्या रेशमी झेंड्याला आशीर्वाद मिळाला तिथून. पुढे तोच देशाचा झेंडा झाला, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण मंडळ आपला जन्म 1870 चा मानतं. मधल्या चौदा वर्षांना तू एक परिच्छेद दिला आहेस. तो परिच्छेद उकलून बघ. माझ्या मते तुझा निबंध त्या चौदा वर्षांतच आहे.

1870 मधलं तार्तू डोळ्यांसमोर आण. विद्यापीठ 1632 मध्ये स्वीडनच्या राजाने काढलेलं, मध्ये बंद पडलेलं आणि 1802 मध्ये रशियाच्या झारच्या काळात पुन्हा उघडलेलं. राज्य रशियाचं, पण वर्गात आणि समाजात चलती जर्मन भाषेची. जमीनदार जर्मन, प्राध्यापक बहुतेक जर्मन, चर्चमधले वरचे लोकही जर्मनच. एस्टोनियन माणूस म्हणजे शेतकरी. दक्षिणेकडच्या लिव्होनिया प्रांतात, जिथे तार्तू होतं, भूदासपणा कायद्याने संपला 1819 मध्ये. म्हणजे या विद्यार्थ्यांचे आजोबा जमीनदाराच्या मालकीचे होते. खेड्यातला हुशार मुलगा विद्यापीठात पोचला की तो हळूहळू जर्मन होऊन जाई. बोलणं जर्मन, लग्नसंबंध जर्मन घरात, मुलं जर्मन. शिकलेला एस्टोनियन असा काही प्रकार असतो, हेच पुष्कळांना पटत नसे.

अशा गावात 1870 च्या वसंतात मूठभर एस्टोनियन विद्यार्थी आणि शिकलेली माणसं संध्याकाळी एकत्र बसून ‘कालेविपोएग’ वाचू लागली. व्होरू गावच्या क्रॉइत्सवाल्ड या डॉक्टरने लोककथा आणि लोकगीतांच्या आधाराने रचलेलं हे महाकाव्य 1857 ते 1861 या काळात जर्मन भाषांतरासह छापलं गेलं आणि 1862 मध्ये त्याची लोकांसाठीची आवृत्ती फिनलंडमधल्या कुओपिओ गावी निघाली. वाचन करणाऱ्यांत पुढाकार होता तिशीतल्या याकोब हुर्त या शिक्षकाचा. आदल्याच वर्षी, 1869 मध्ये, तार्तूत पहिला मोठा गीतमहोत्सव झाला होता. म्हणजे हवा तयार होती. तरी या संध्याकाळींचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांच्याकडे झेंडा, टोपी, घर, परवानगी यांतलं काहीच नव्हतं. आपल्या भाषेतलं एक पुस्तक होतं आणि ते मोठ्याने वाचून त्यावर आपल्याच भाषेत बोलायचं होतं. विद्वत्तेच्या गोष्टी मातृभाषेत बोलून बघायच्या, शब्द सापडले नाहीत तर घडवायचे. मंडळाची सगळ्यात जुनी परंपरा कोणती, असं कोणी विचारलं तर टोपीच्या आधी हे वाचन सांग.

इथे एक सावधगिरी. तेव्हा रशियात जुनी दिनगणना चालायची, ती एकोणिसाव्या शतकात बारा दिवस मागे होती. मंडळाचा स्थापनादिन एका कागदात 26 मार्च दिसेल, दुसऱ्यात 7 एप्रिल. दोन्ही बरोबर आहेत. आराखड्यात तू दोन्ही गणना मिसळल्या आहेस. एकच पद्धत धर आणि पहिल्या तळटीपेत सांगून टाक.

आता दुसरा मुद्दा, थोडा अवघड. तार्तूत जर्मन विद्यार्थ्यांच्या कॉर्पोरेशन्स, म्हणजे स्वतःचे नियम आणि रंग असलेल्या विद्यार्थी संघटना, होत्या. 1808 ची कुरोनिया, 1821 ची एस्टोनिया (नाव एस्टोनिया, पण सदस्य बाल्टिक जर्मन), 1822 ची लिव्होनिया, 1823 ची फ्राटेर्निटास रिगेन्सिस. प्रत्येकीचे तीन रंग, टोपी, छातीवरची पट्टी, गाणी, बियरची बैठक, तलवारीची द्वंद्वं. या सगळ्यांची मिळून एक परिषद विद्यार्थीजीवनावर राज्य करायची. 1881 मध्ये एस्टोनियन विद्यार्थ्यांनी ठरवलं, आपलीही ‘विरोनिया’ नावाची कॉर्पोरेशन काढू. निळा-काळा-पांढरा हे रंग त्याच वर्षी ठरले. जर्मन परिषदेने मान्यता दिली नाही. मग विद्यार्थ्यांनी कॉर्पोरेशनचा नाद सोडला आणि 1883 मध्ये एक साधं मंडळ म्हणून सरकारदरबारी नोंदणी करून घेतली. कॉर्पोरेशनसाठी ठरवलेले रंग मात्र त्यांनी टाकले नाहीत. पुढच्या वर्षी त्याच रंगांचा झेंडा शिवून ते ओटेपाला घेऊन गेले. तार्तूपासून चाळीसेक किलोमीटरवरचं हेच गाव, जिथे हुर्तने 1872 ते 1880 धर्मगुरू म्हणून काम केलं होतं.

तू आराखड्यात लिहिलं आहेस की मंडळाने जर्मन परंपरेला नकार दिला. हे वाक्य काढ. त्यांनी तिचा बाह्य आकार जवळपास जसाच्या तसा उचलला. आजही नव्या सदस्याला ‘रेबाने’, म्हणजे कोल्हा म्हणतात. त्याला वळण लावायला एक मोठा सदस्य नेमलेला असतो. काही काळ गाणी, इतिहास, शिष्टाचार शिकल्यावर तो पूर्ण सदस्य होतो, शिक्षण संपलं की ‘विलिस्तलाने’, म्हणजे माजी विद्यार्थी-सदस्य, आणि हे नातं मरेपर्यंत टिकतं. ही चढण जर्मन विद्यार्थ्यांकडून आलेली आहे. तिरंगी टोपीही तिकडचीच. ज्यांनी दारात उभं केलं नाही त्यांच्याच पद्धती या मुलांनी घेतल्या, हे लिहायला संकोच वाटून घेऊ नकोस. मला यात कमीपणा दिसत नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतला माणूस एकाच टेबलावर एकच गाणं म्हणतात, ही व्यवस्था उपयोगी होती. त्या टेबलावर बसून त्यांनी काम काय केलं, हे बघ. तिथे जर्मन नमुना संपतो.

ते काम तुझ्याच विषयातलं आहे! हुर्तने 1888 मध्ये वर्तमानपत्रांतून आवाहन केलं की जुनी गाणी, कथा, म्हणी, समजुती लिहून मला पाठवा. सुमारे चौदाशे लोकांनी लिहून पाठवलं आणि एक लाखाहून अधिक पानं जमली. शिक्षक, शेतकरी, शेतकऱ्यांची मुलं. पण गाण्यांचे शब्द आले तरी चाली कागदावर उतरत नव्हत्या, त्याला स्वरलेखन जाणणारं माणूस हवं. 1904 मध्ये मंडळाचे सदस्य ओस्कार काल्लास यांनी हे मनावर घेतलं. मंडळाच्या नावाने दर उन्हाळ्यात तरुणांना खेडोपाडी पाठवायला सुरुवात झाली. 1916 पर्यंत सुमारे 13,000 चाली गोळा झाल्या. गेलेल्यांत मार्त सार आणि सिरिलुस क्रेक हे पुढे नावाजलेले संगीतकार होते. त्यांच्या समूहगीतांत या चाली ऐकू येतात. म्हातारी माणसं जातील आणि चाली त्यांच्याबरोबर जातील, ही भीती खरी होती आणि विद्यार्थ्यांच्या एका मंडळाने ती वेळेत ओळखली. तू शिकतेस त्या गावातल्या साहित्य संग्रहालयात हे सारं ठेवलेलं आहे. छापील पुस्तकांत अडकू नकोस. मूळ वह्या मागव आणि अक्षर बघ. गाणारीचं नाव, वय, गाव टिपलं आहे का ते बघ. निबंधाचा सर्वांत जिवंत भाग तिथून येईल.

त्याचबरोबर मंडळाचे ‘अल्बम’ वाच. हे लेखसंग्रह 1889 पासून निघाले. एस्टोनियन भाषेत गंभीर लेखन होऊ शकतं, हे त्यांना दाखवायचं होतं. आणि हे अशा दिवसांत, जेव्हा विद्यापीठातली जर्मन जाऊन तिच्या जागी रशियन येत होती आणि 1893 मध्ये शहराचं नावच युर्येव झालं. विद्यापीठात एस्टोनियन ही शिकवण्याची भाषा झाली थेट डिसेंबर 1919 मध्ये. मधल्या काळात ती भाषा जपण्याचं काम अशा मंडळांनीच केलं. एस्टोनियन वाचता येत नाही म्हणून इंग्रजी सारांशांवर भागवशील तर अल्बम तुझ्यासाठी बंदच राहतील. रोज थोडा वेळ भाषेला दे. चौदा विभक्त्या ऐकून घाबरू नकोस, आपण लहानपणी सात पाठ केल्याच की.

जाता जाता एक गोष्ट, तुला आवडेल म्हणून. याच तार्तूत 1851 मध्ये लेओपोल्ड फॉन श्रोडर जन्मला. बाल्टिक जर्मन, संस्कृतचा पंडित. यजुर्वेदाच्या एका शाखेची मैत्रायणी संहिता त्याने संपादून 1881 ते 1886 या वर्षांत छापली. आपल्याकडे नाशिक-खानदेशात या शाखेची परंपरा आहे. त्यानेच 1888 मध्ये एस्टोनियन लग्नविधींवर पुस्तक लिहिलं. निबंधात याला जागा नाही, पण त्या गावाशी आपलं काही जुनं आहे हे माहीत असलेलं बरं.

मंडळाचं घर बाहेरून पाहिलंसच असशील. 1902 मध्ये बांधलेलं, वास्तुकार गेओर्ग हेल्लात. ज्या रस्त्यावर ते आहे त्याला यान तोनिस्सोनचं नाव आहे. तो मंडळाचा सदस्य, ‘पोस्टिमेस’ वर्तमानपत्राचा संपादक आणि नंतर पंतप्रधान. सोव्हिएत सत्ता आल्यावर 1940 च्या डिसेंबरमध्ये त्याला अटक झाली आणि त्याची कबर कुठे आहे हे आजही कोणाला ठाऊक नाही. त्याच वर्षी सगळ्या विद्यार्थी संघटना बंद झाल्या. 1884 चा मूळ झेंडा एका शेतघरात लपवला गेला आणि देश पुन्हा स्वतंत्र झाल्यावरच बाहेर आला. 1944 मध्ये समुद्र ओलांडून गेलेल्या सदस्यांनी परदेशात मंडळ चालू ठेवलं. तार्तूत ते पुन्हा उभं राहिलं 1988 मध्ये. या अठ्ठेचाळीस वर्षांवर तुझ्या आराखड्यात एकच ओळ आहे. परदेशात वाढलेल्या सदस्यांनी आणि तार्तूतल्या नव्या मुलांनी एकमेकांना कसं ओळखलं, कोणाची गाणी शुद्ध मानली, यावर त्या लोकांना विचार. जुने सदस्य बोलतील. प्रश्न लिहून ने, परवानगी मागूनच रेकॉर्ड कर आणि चहा दिला तर घाई करू नकोस.

आता तो प्रश्न, जो तू मेलच्या शेवटी थोडा कचरत विचारलास. हो, मंडळ पुरुषांचंच आहे, पहिल्यापासून. आपल्या लोकांना शिकू द्या, मान द्या, म्हणून झगडणाऱ्यांनी आपल्या बहिणींना टेबलावर जागा दिली नाही. हे सौम्य करून लिहू नकोस. आणि तिथेच थांबूही नकोस, कारण मुली थांबल्या नाहीत. 1911 मध्ये त्यांनी एस्टोनियन विद्यार्थिनी मंडळ काढलं, 1920 मध्ये ‘फिलियाए पात्रियाए’, 1924 मध्ये ‘इंदला’. या संघटना आजही आहेत. तुझ्या निबंधात त्यांना स्वतंत्र प्रकरण हवं, परिशिष्ट नको. तुला तिथे पाहुणी म्हणून बोलावलं तर जरूर जा.

30 एप्रिलची रात्र चुकवू नकोस. ‘व्होल्बर’ म्हणतात तिला. महापौर शहराची सत्ता एका रात्रीपुरती विद्यार्थ्यांच्या हाती देतो, टोप्यांचे रंग रस्त्यावर उतरतात, संघटना एकमेकांकडे जातात, गाणी पहाटेपर्यंत चालतात. वही खिशात ठेव, पण सतत लिहीत बसू नकोस. कोण कोणाला आधी नमस्कार करतं, टोपी कधी काढतात, कोणतं गाणं उभं राहून म्हणतात, एवढं लक्षात ठेव आणि सकाळी लिही. बियरचे मग पाहून मंडळाबद्दल मत बनवू नकोस. याच मंडळाचा एक आधारस्तंभ, धर्मगुरू विल्लेम रायमान, एस्टोनियातल्या दारूविरोधी चळवळीचा पुढारी होता. एकाच घरात दोन्ही प्रकारची माणसं होती, हेही लिही.

ओटेपाला जा, पण शेवटी. अल्बम वाचून, वह्या पाहून आणि चार माणसांशी बोलून झाल्यावर. चर्चच्या दाराशी झेंड्याच्या आठवणीची शिल्पं आहेत. सोव्हिएत काळात ती फोडली गेली, 1989 मध्ये पुन्हा बसवली. तोपर्यंत तुला ती वाचता येतील.

नवा आराखडा मार्चअखेर पाठव. पहिलं प्रकरण 1870 ते 1884. शब्दमर्यादा ओलांडली तरी चालेल, कापायला मी आहे.

सस्नेह,
तुझे सर

ता. क. साहित्य संग्रहालयात जुन्या वह्या मागवायच्या तर आधी मेल करून वेळ ठरव, आणि कोणत्या परगण्याची गाणी हवीत ते नेमकं लिही. एका परगण्यापासून सुरू कर. तिथल्या चाली आणि हुर्तला त्याच परगण्यातून आलेले शब्द शेजारी ठेवून बघ, काय जुळतं ते मला कळव.