मृत्युपत्र झालं, सोमवारचं काय?

"मॅडम, आमच्या माघारी याचं काय?"

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येतोच. विचारणारे साठी-सत्तरीतले आईवडील, आणि 'हा' किंवा 'ही' म्हणजे वयाने कधीच मोठं झालेलं, बौद्धिक अक्षमता असलेलं त्यांचं मूल. अलीकडे त्याला एक शेपूटही जोडलेलं असतं: "मृत्युपत्र केलंय आम्ही. तेवढं पुरेल ना?"

पुरत नाही. का, ते एका घराच्या निमित्ताने सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत, आणि सहा-सात महिन्यांच्या भेटी इथे दोन-तीन प्रसंगांत कोंबल्यात.

काका राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय ७२. काकू ६७. मुलगा ३४ वर्षांचा, पण घरात अजून 'बाळ'. थोरली मुलगी लग्न होऊन ठाण्याला. पहिल्याच भेटीत काकांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून मृत्युपत्र काढून टेबलावर ठेवलं. दोन साक्षीदारांच्या सह्या, डॉक्टरांचा दाखला. एवढंच नव्हे, नोंदणी सक्तीची नसताना तीही करून घेतलेली. मजकूर आटोपशीर. कोथरूडचा फ्लॅट आणि सगळ्या ठेवी बाळाला, 'त्याचा सांभाळ मुलीने करावा.'

"यात खोट काढून दाखवा," काका म्हणाले. सरकारी नोकरीत फायली सांभाळलेल्या माणसाचा तो आवाज.

कागदात खोट नव्हतीच. मी म्हटलं, "काका, तुम्ही दोघंही नाही, असा पहिला सोमवार धरा. सकाळचे साडेसात. काय काय होईल?"

"मुलगी मृत्युपत्राची प्रत घेऊन सोसायटीत जाईल, सेक्रेटरीकडे अर्ज देईल..."

"अहो, साडेसातला तो चहा पितो," काकू मध्येच बोलल्या. "बशीतून. बशीत चहाच्या पावडरीचा एक कण जरी दिसला ना, दिवसभर तोंडात पाणी घेत नाही मग."

"फिटची गोळी कधी असते त्याची?" मी काकांना विचारलं.

"रात्री."

"दोनदा," काकू हळूच म्हणाल्या. "दोन वर्षं झाली दोनदा करून."

काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.

मी कधीच एकट्या माणसाकडे बघत नाही, सगळं घर बघते. कोण कुणाच्या आधाराने उभं आहे, कोण बाजूला झालं की कोण कोसळेल, ते आधी शोधते. इतक्या वर्षांत या सवयीने मला क्वचितच फसवलंय. या घरात फायली दोन होत्या. एक काकांच्या कपाटात, दुसरी काकूंच्या डोक्यात. मृत्युपत्रात फक्त पहिली उतरली होती.

पुढच्या भेटीला बाळ आला. मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला, पेन दिलं आणि म्हटलं, "सही कर बरं इथे." तो खूश झाला. जीभ दातात धरून त्याने एक गोल काढला, त्यात दुसरा, त्यात तिसरा. कागद भरला तसा तो उलटून मागेही काढायला लागला. काका एकटक बघत होते. फ्लॅट भाड्याने द्यायचा, विकायचा, बँकेतून महिन्याचा खर्च काढायचा, तर सही याचीच लागणार. हे मला सांगावं लागलं नाही. काका स्वतःच पुटपुटले, "घर दिलं मी त्याला. किल्ली दिलीच नाही."

एक गोष्ट मात्र सांगावी लागली, आणि ती बहुतेक पालकांना धक्का देते. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. अशा पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर वर्षी हिशोब द्यावा लागतो. मृत्युपत्रातल्या 'सांभाळ करावा' या दोन शब्दांचा हिशोब कोण मागणार? बाळ तर कोर्टात जाणार नाही.

खरी गाठ सुटली ती ताई आली तेव्हा. तिला बोलवायला काका तयार नव्हते. "ती नाही थोडीच म्हणणार आहे?" ती नाही म्हणालीच नाही.

"बाबा, विचारलं असतंत तर पहिल्या मिनिटाला हो म्हणाले असते. तुम्ही परस्पर लिहून टाकलंत." मग थोडं थांबून, "मी त्याला बघीन. पण त्याचे पैसे माझ्याकडे नकोत. उद्या नणंदेच्या लग्नाला कमी पडले, की माझ्याच घरात कुणीतरी म्हणेल, भावाचे पडूनच आहेत की."

काका दुखावले. काकू मात्र पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "शहाणी आहेस गं." मलाही तसंच वाटलं. पैसा ज्याच्या हातात आणि माणूस ज्याच्या घरात, ते दोघं एकच असले की जाब विचारायला कुणी उरत नाही. हे मी पालकांना कित्येकदा सांगते, पण त्या दिवशी जिच्यावर भार पडणार होता तिनेच ते मांडलं.

तिथून पुढचं काम वकिलाचं. १८८२च्या भारतीय न्यास कायद्याखाली बाळासाठी खासगी ट्रस्ट केला, म्हणजे पैसे विश्वस्तांच्या हाती, पण वापर फक्त बाळासाठी. विश्वस्त काकांचा पुतण्या आणि बँकेतून निवृत्त झालेला मित्र. पालक म्हणून ताईचं नाव. थोड्या ठेवी आत्ताच ट्रस्टमध्ये गेल्या. फ्लॅट हयातीत ट्रस्टला दिला तर मुद्रांक शुल्क लागतं, म्हणून तो नव्या मृत्युपत्राने ट्रस्टला जाईल. सगळंच मृत्युपत्रावर का सोडलं नाही? कारण ते मृत्यूनंतरच बोलतं. माझ्याकडे येणाऱ्या घरांत पक्षाघात आणि विस्मरण आधी येतं. माणूस आहे, पण सही करू शकत नाही. अशा वेळी मृत्युपत्र कपाटातच राहतं, आणि मानसिक क्षमता गेली की कुलमुखत्यारपत्रही, म्हणजे आपल्या वतीने सही करायला दुसऱ्याला दिलेला अधिकारही, संपतं.

उरलेल्या ठेवींवर नॉमिनी म्हणून ताईचं नाव होतं, त्यावर काका निर्धास्त होते. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. बँकेतल्या ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे २०१०मध्येच सांगितलंय. आणि काकांची पेन्शन! कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांमागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. ते मृत्युपत्राने देता येत नाही, पेन्शनच्या कागदांत त्याचं नाव आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हयातीतच लागलेलं बरं. आयुष्यभर फायली सांभाळलेल्या काकांकडून नेमकं हेच राहिलं होतं.

ताई पुरी पडली नाही तर? म्हणून बदलापूरच्या 'आधार'सारखी, पालकांनीच उभी केलेली निवासी संस्था बघून या, असंही मी सुचवलं. काकू अजून गेलेल्या नाहीत. मी घाई करत नाही.

काकूंना मी दोनशे पानी वही आणायला लावली. बशी, गाळणी, गोळ्या, कुकरची शिट्टी झाली की त्याचे कान झाकायचे, सगळं त्या सांगतात आणि काका लिहून घेतात. दिवाळीत बाळ पहिल्यांदा चार दिवस एकटा ताईकडे राहिला, बरोबर वही. दुसऱ्या रात्री अकराला तिचा फोन आला, तो झोपतच नाही म्हणून. काकूंनी विचारलं, "रेडिओ उशीच्या कुठल्या बाजूला ठेवलास?"

"डावीकडे."

"भिंतीकडे ठेव."

काकांनी उठून दिवा लावला आणि वहीत ओळ घातली.