क्रिप्टिक कोड्यात उत्तर कळतं, पण ते शोधसूत्रातून कसं निघालं हे का कळत नाही?

'उत्तर कळतं' असं तुम्ही लिहिलंय, तिथेच मी अडखळले. तसं असेल तर ते कळलेलं नसतं, चौकटीत नुसतं बसलेलं असतं. याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या दिरांचं जुनं वाजलेलं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. घाई असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद वाचून निघावं.

गूढ, म्हणजे क्रिप्टिक, शब्दकोड्याच्या शोधसूत्रात (क्लूमध्ये) उत्तराकडे जायच्या दोन वाटा असतात. एक सरळ व्याख्या, साध्या कोड्यात असते तशी. ती सूत्राच्या सुरुवातीला असते नाहीतर शेवटी, मधे कधीच नाही. उरलेल्या शब्दांत अक्षरांची कारागिरी: जोड, उलथापालथ, उलट वाचन, पोटात दडलेला शब्द वगैरे. वाक्य म्हणून जो अर्थ लागतो तो निव्वळ चकवा. स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हंही त्याच कटात सामील असतात.

'गळ्यात पडलेला पराभव (२)' हे सगळ्यात सोपं (कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं), दोन्ही तुकडे व्याख्याच आहेत: हार. आता 'विस्कटलेल्या रजनीतून उमललेलं कमळ (३)' घ्या. व्याख्या शेवटी, कमळ. 'विस्कटलेल्या' हा इशारा, म्हणजे र-ज-नी ही अक्षरं पिसा: नीरज. विस्कटणं, बिथरणं, बेशिस्त असे शब्द दिसले की उलथापालथीचा संशय घ्यायचा. परतणं, वळणं, उभ्या शब्दात वर चढणं म्हणजे उलट वाचा. पोटात, कुशीत, मुठीत म्हणजे एकात एक काहीतरी आहे. सरावाने हे इशारे डोळ्यांना आपोआप दिसायला लागतात, यादी पाठ करायची गरज नाही.

तर आमच्या घरचं. सगळे जमणार होते म्हणून मी स्वतः एक लहानसं कोडं रचलं आणि प्रत्येकाला एकेक प्रत दिली. पहिलंच आडवं सूत्र होतं 'नेहमी उलटणारा नोकर (२)'. अजूनही मला त्याचा अभिमान आहे, सांगून टाकते. भावोजींनी कागद हातात पडताक्षणी बॉलपेनने, पेन्सिलने नव्हे, ठसठशीत 'गडी' लिहिलं आणि पुढे सरकले. गडी म्हणजे नोकर, घरं दोन, काम झालं. दुसऱ्या घरातून एक उभा शब्द खाली जात होता: 'शिक्षकाच्या मागे गाडी? हे तर राज्यकर्ते! (४)'. आता 'डी'पासून सुरू होणारे चार अक्षरी राज्यकर्ते कुठून आणणार? बराच वेळ त्यांनी तिथे पेन आपटलं आणि मग सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, "हिची चौकटच चुकलीय."

मी विचारलं, "भावोजी, 'नेहमी' हा शब्द तिथे काय करतोय?"

"भरीला घातलाय. वाक्य पुरं व्हायला."

इथेच खरी गोम आहे. चांगल्या सूत्रात भरीचा शब्द नसतो, प्रत्येक शब्द कामावर असतो. 'नेहमी' म्हणजे सदा. 'उलटणारा' म्हणजे ते उलटं वाचा. दास. नोकर. वाल्याने 'मरा मरा' म्हणत राम गाठला तीच ही युक्ती, आपल्याला ती लहानपणापासून ठाऊक आहे. 'दास'चा स मिळाला की उभा शब्द आपोआप सुटतो: शिक्षक म्हणजे सर, त्यांच्या मागे कार. सरकार.

एवढं उलगडून दाखवल्यावर ते काय म्हणाले असतील? "दास काय नि गडी काय, अर्थ एकच. तू उगाच अडवून धरतेस." बाकीचे हसले. मी तेव्हा गप्प बसले, आता बसत नाही. अर्थ एकच असता तर सरकार आलं असतं ना चौकटीत!

हा माझा एकटीचा हट्ट नाही. 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश वृत्तपत्रासाठी १९२६ पासून एडवर्ड पॉविस मॅथर्स 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने कोडी रचत. ती भयंकर अवघड असत. १९३९मध्ये ते गेल्यावर डेरिक मॅकनट हे लॅटिन-ग्रीक शिकवणारे मास्तर 'झिमेनीझ' म्हणून त्या जागी आले. दोन्ही नावं स्पेनमधल्या, छळासाठी कुप्रसिद्ध धर्मन्यायसभेच्या (इन्क्विझिशनच्या) प्रमुखांची, म्हणजे सोडवणाऱ्याचा छळ करायचा हे आधीच जाहीर. पण झिमेनीझने छळाला शिस्त लावली. त्याच्या पंथाचा दंडक असा: नेमकी व्याख्या, प्रामाणिक कारागिरी आणि त्यापलीकडे काही नाही. 'काही नाही' हा भाग भावोजींसाठी ठळक अक्षरांत वाचावा.

पुढे भावोजींनी माझ्यावर सूड म्हणून स्वतः एक सूत्र रचून पाठवलं: 'ओसरीत दडलेली पद्धत (२)'. उत्तर रीत, ओस-रीत. चलाखी आहे, नाही म्हणत नाही. तरी मी ते नापास केलं. 'ओसरीत दडलेली' म्हणताना तो 'त' प्रत्यय म्हणून वापरलाय, आणि उत्तरातही तोच घेतलाय. एका अक्षराला दोन पगार मिळत नाहीत. यावर त्यांचा मेसेज आला, "मग त-ला सुट्टी देऊ का?"

पण मराठीत रचणाऱ्याची पंचाईत या निमित्ताने कळते. इंग्रजीत शब्द सुटे राहतात. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो, वर सामान्यरूप होऊन शब्दच बदलतो. 'घोड्याच्या पोटात' म्हटलं की घोडा पळाला, हातात 'घोड्या' उरला. म्हणून 'रजनी'सारखे न बदलणारे शब्द हुडकावे लागतात. सारख्या उच्चारांवरची सूत्रं, जी इंग्रजीत ढिगाने असतात, ती तर आपल्याकडे जवळपास बादच, कारण आपण बहुतेक बोलतो तसंच लिहितो. उलट एका घरात अख्खं अक्षर मात्रेसकट बसत असल्यामुळे उलट वाचनाला मराठीसारखी भाषा नाही. नदी उलटली की दीन, लता उलटली की ताल.

आता थोडं मागे येते. आधी व्याख्येवरून आणि आडव्या-उभ्या अक्षरांवरून उत्तर सुचणं यात काही गैर नाही, मलाही अनेकदा तसंच सुचतं. फक्त पेन्सिलने लिहा, आणि कारागिरी जुळेपर्यंत त्याला सुटलं म्हणू नका. शिवाय सगळे रचनाकार झिमेनीझच्या शिस्तीतले नसतात. 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रात १९५८ पासून कोडी देणारे जॉन ग्रॅहम, म्हणजे 'अरॉकेरिया', बरेच मोकळे होते, आणि सोडवणाऱ्यांनी त्यांच्यावर भरभरून प्रेम केलं. तेव्हा एखाद्या सूत्रातला एखादा शब्द शेवटपर्यंत बेकार राहिला तर दरवेळी दोष तुमचाच असेल असं नाही. (भावोजी, हे वाक्य तुमच्यासाठी नाही.)

आणि ॲपमधलं 'उत्तर दाखवा' बटण दाबत असाल तर ते बंद करा. उत्तर आयतं मिळालं की मागे जाऊन सूत्र उलगडायचा कंटाळा येतो, तुमचं बहुधा तेच होतंय.

हे एक घ्या: 'परवा नकारातून मिळालं लायसन्स (४)'. खाली नुसतं उत्तर लिहू नका, कुठला शब्द कुठून आला तेही लिहा. नुसत्या उत्तराला मी लाइक देणार नाही.