एसी/डीसीची सगळी गाणी सारखीच वाटतात, मग हा बँड पन्नास वर्षं टिकला कसा? मुख्य गायक गेल्यावरच संपायला हवा होता ना?

सारखी वाटतात, कारण बरीचशी सारखीच आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तरही मला त्या सारखेपणातच सापडतं.

मी म्हापशाचा. सीझनमध्ये कळंगुट-बागा पट्ट्यात एका कव्हर बँडमध्ये, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये, गिटार वाजवतो, त्यामुळे हे लिहिणं वाजवणाऱ्याच्या बाजूचं आहे. आमच्या यादीत ‘थंडरस्ट्रक’, ‘बॅक इन ब्लॅक’ आणि ‘हायवे टू हेल’ कायम असतात. समोर ब्रिटिश आजोबा असोत की पुण्याहून आलेली कॉलेजची पोरं, पहिले दोन ठोके पडले की माना हलायला लागतात. रात्री दहाला उघड्यावरचे स्पीकर बंद करावे लागतात, तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांत काय वाजवायचं यावर आमच्यात कधीच वाद होत नाही.

पाहणाऱ्याला एसी/डीसी म्हणजे अँगस यंग. शाळेचा गणवेश, अर्धी चड्डी, गिब्सन एसजी गिटार घेऊन स्टेजभर धावणं. गणवेशाची कल्पना मोठी बहीण मार्गारेटची, आणि शिवणयंत्रावरची ‘एसी/डीसी’ अक्षरं पाहून बँडचं नावही तिनेच सुचवलं. पण बँड चालवला तो थोरल्या माल्कमने. हे कुटुंब ग्लासगोहून १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियाला आलं. १९७३ मध्ये सिडनीत माल्कमने बँड उभा केला, आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला चेकर्स नावाच्या नाइटक्लबात पहिला मोठा कार्यक्रम झाला. त्यांचा मोठा भाऊ जॉर्ज ‘द ईझीबीट्स’ या बँडमधून आधीच जगभर गाजला होता. त्यामुळे हा धंदा आतून पाहिलेला माणूस घरातच होता. सुरुवातीचे अल्बम जॉर्ज आणि त्याचा जोडीदार हॅरी वांडा यांनीच केले.

आता माल्कम काय वाजवायचा ते नीट ऐका. तो रिदम गिटारवर, म्हणजे सोलो नव्हे, तर गाण्याचा पाया धरणारे कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर). त्याच्या ग्रेच गिटारीला एकापेक्षा जास्त पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक) होते. त्याने ब्रिजजवळचा एकच ठेवला आणि बाकीचे काढून टाकले. तारा जाड, आणि मार्शल अँपवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची खरखर, लोकांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कमी. कॉर्ड बहुतेक उघडे, आपण पहिल्या महिन्यात शिकतो तेच ए, डी, जी, ई. दोन कॉर्डांच्या मध्ये तो हात थांबवायचा, आणि ती रिकामी जागा त्या गाण्याचा अर्धा जीव असते. नवीन पोरं इथेच फसतात. अँपवर गेन (खरखर वाढवणारं बटण) वाढवून ठेवतात, मग आवाजाचा चिखल होतो आणि ती फट बुजते.

मागे ड्रमवर फिल रड. सरळ चार मात्रा, फारसे रोल नाहीत, ठोका किंचित मागे रेललेला. माझे काका भजनी मंडळात पखवाज वाजवतात. एकदा घरी सराव चालला असताना त्यांनी ‘बॅक इन ब्लॅक’ शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “हो उगीच हात मारिना रे!” म्हणजे, हा उगाच हात मारत नाही. रॉक समीक्षकांनी रडवर पानंच्या पानं लिहिली आहेत, पण मला त्यांच्यापेक्षा काका पटले. भजनात ठेका धरणारा हलला नाही तरच गाणारा हवी तशी तान घेऊ शकतो. अँगस एवढा नाचू शकला तो मागे माल्कम आणि रड खिळ्यासारखे उभे होते म्हणून. जुने व्हिडिओ पाहा. माल्कम अँपपाशी उभा असतो, कोरसची ओळ आली की माइकपर्यंत येतो, गातो आणि परत मागे जातो.

आता मुख्य गायक बॉन स्कॉट. तो १९७४ मध्ये आला. वयाने यंग बंधूंहून मोठा, बेरकी आणि शब्दांत मिस्कील. ‘हाय व्होल्टेज’पासून ‘हायवे टू हेल’पर्यंत त्याचाच आवाज आहे. सुरुवातीला अमेरिकेच्या कंपनीला हे प्रकरण झेपत नव्हतं. १९७६ चा ‘डर्टी डीड्स’ त्यांनी तेव्हा काढलाच नाही, तो तिथे थेट १९८१ मध्ये आला. मग १९७९ ला मट लँग हा निर्माता मिळाला, ‘हायवे टू हेल’ अमेरिकेत १७ व्या क्रमांकापर्यंत गेला, दार उघडलं. आणि १९ फेब्रुवारी १९८० ला लंडनमध्ये, रात्रभर दारू प्यायल्यानंतर, बॉन गेला. वय ३३.

इथे बहुतेक बँड संपतात. गायकाभोवती उभा असलेला बँड तर नक्कीच. हे लोकही थांबायच्या विचारात होते, पण बॉनच्या घरच्यांनीच पुढे चला म्हटलं. न्यूकॅसलच्या ‘जॉर्डी’ बँडमधला ब्रायन जॉन्सन चाचणीला आला आणि काही आठवड्यांत सगळे बहामासमधल्या नासाऊला रेकॉर्डिंगला गेले. ‘बॅक इन ब्लॅक’ २५ जुलै १९८० ला बाजारात आला. बॉनला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. मुखपृष्ठ पूर्ण काळं, दुखवट्याचं, आणि पहिलं गाणं घंटेच्या टोलांनी सुरू होतं. एकट्या अमेरिकेत त्याला अडीच कोटींहून जास्त प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं आहे.

ब्रायनने बॉनची नक्कल केली नाही, त्याला ती जमलीही नसती. बॉन डोळा मारून गातो, ब्रायन घसा फाडून. पण खालची रिफ, म्हणजे गिटारीवर परत परत येणारी धून, तीच, माल्कमचा उजवा हात तोच, म्हणून ऐकणाऱ्याला आपण दुसऱ्याच्या घरात शिरलो असं वाटलं नाही. चेहरा बदलला तरी चालेल अशी या बँडची बांधणी होती, आणि ही बांधणी करणारा मागे उभा होता.

पण सारखेपणा म्हणजे हमी नव्हे. १९८१ चा ‘फॉर दोज अबाउट टू रॉक’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, पण त्यानंतरची काही वर्षं मला तरी कंटाळवाणी वाटतात. १९८३ मध्ये ड्रमर फिल रडला बँड सोडावा लागला, निर्माता बाजूला करून अल्बम स्वतःच केला, आणि ठेका तोच असला तरी गाणीच पातळ निघाली. ‘फ्लाय ऑन द वॉल’ मी कुणाला सुचवणार नाही. १९८८ च्या दौऱ्यातून माल्कम दारू सोडण्यासाठी बाजूला झाला, तेव्हा त्याची जागा पुतण्या स्टीव्ही यंगने घेतली. पुन्हा घरातलाच माणूस! माल्कम परतला आणि १९९० ला ‘द रेझर्स एज’ आला, ‘थंडरस्ट्रक’ त्यातलंच. पुढच्या वर्षी मॉस्कोच्या तुशिनो विमानतळावर अफाट गर्दीपुढे ते वाजवून आले. रड १९९४ ला परतला. त्यापुढचा काळ म्हणजे अधूनमधून एखादा अल्बम आणि प्रचंड दौरे.

खरी परीक्षा २०१४ ची. स्मृतिभ्रंशामुळे माल्कम कायमचा थांबला. त्याच वर्षी रड कोर्टकचेरीत अडकला. २०१६ मध्ये ऐकू येणं धोक्यात आल्यामुळे ब्रायनला दौरा सोडावा लागला आणि उरलेले कार्यक्रम ‘गन्स अँड रोझेस’च्या अॅक्सल रोझने गायले. १८ नोव्हेंबर २०१७ ला माल्कम वारला, त्याच्या थोडं आधी जॉर्ज. तेव्हा मला वाटलं होतं की आता उरलं ते फक्त नाव. पण २०२० चा ‘पॉवर अप’ आला, त्यातल्या सगळ्या गाण्यांवर अँगससोबत माल्कमचंही नाव आहे. दोघा भावांनी साठवून ठेवलेल्या रिफमधूनच तो उभा राहिला. माल्कमच्या जागी रिदम गिटारीवर स्टीव्ही.

२०२४ पासूनच्या दौऱ्यात ड्रम आणि बास वाजवणारेही नवे आहेत. हा एसी/डीसी खरा की खोटा, यावर सेट संपल्यावर आमच्या टेबलावर भांडणं होतात. माझं मत विचाराल तर स्टीव्ही आहे तोवर खरा. ड्रमर आमचा, त्याला ते मान्य नाही, साहजिकच.

तुम्हाला पडताळून पाहायचं असेल तर लोकप्रिय अल्बमऐवजी १९७८ चा ‘पॉवरएज’ लावा. हेडफोन घ्या, कारण दोन्ही गिटारी वेगवेगळ्या कानांत ठेवल्या आहेत. सोलो वाजत नाही तो कान शोधा आणि दुसरा काढून ठेवा. ‘डाउन पेमेंट ब्लूज’ तसं एकदा शेवटपर्यंत ऐका, मग सगळी गाणी सारखी वाटतात की नाही ते कमेंटमध्ये सांगा.