बांड्याचे काळेच केस का गळतात?

प्रश्न : डॉक्टर, शेजारच्या कुत्रीचं पिल्लू आम्ही पाळलंय. अडीच महिन्यांचं, काळं-पांढरं, म्हणून नाव बांड्या. महिन्याभराचा असल्यापासून त्याच्या काळ्या केसांची चमक गेली, मग ते तुटू लागले. आता त्या जागी नुसती कातडी दिसते. पांढरे केस मात्र छान आहेत. खाजवत नाही, खातो-खेळतो. त्याच्या एका भावालाही असंच झालंय. सगळे म्हणतात लूत आहे, जळकं ऑइल लावा. लावू का? — एक वाचक, वाई

उत्तर : अजिबात नको. पिल्लू अंग चाटतं, ऑइल थेट पोटात जातं. शिवाय कातडी भाजते ती वेगळीच.

लुतेचे किडे रंग बघून जागा निवडत नाहीत हो! पिल्लांत ती बहुधा डोळ्यांभोवती, तोंडाशी, पुढच्या पायांवर सुरू होते. तुमच्याकडे टक्कल काळ्या डागाच्या कडेला येऊन थांबतंय. हे, त्रास सुरू झालेलं वय आणि भावालाही तेच, यावरून मला काळ्या केसांपुरत्या आनुवंशिक दोषाचा दाट संशय आहे. यात केसाला रंग देणारं मेलॅनिन नीट पसरत नाही, गाठी धरून बसतं. गाठीपाशी केस कमजोर होतो आणि तुटतो.

तरी फोटोवरून शिक्का मारणार नाही. आधी कातडी खरवडून तपासा. पशुवैद्य कातडीची घडी दाबून ब्लेडने किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडतात. वरवर खरवडून डेमोडेक्स, म्हणजे केसांच्या मुळाशी राहणारा लुतेचा किडा, सापडत नाही. सोबत बुरशीची कल्चर तपासणी करा. ही टाळू नका, कारण गजकर्ण घरातल्या मुलांनाही लागतं. बुरशी शोधायच्या निळसर दिव्याखाली काही चमकलं नाही म्हणून बुरशी नाही, असंही समजू नका. तिच्या सगळ्या जाती चमकत नाहीत.

दोन्ही निकाल कोरे आले, की खरी गंमत. काळ्या भागातले चार केस आणि शेजारचे पांढरे चार चिमट्याने उपटून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला सांगा. काळ्या केसात रंगाचे गोळे, मध्येच फुगवटा, तुटकी टोकं दिसतील. पांढरा सरळ, स्वच्छ. स्वतः डोकावून बघा. शंका उरलीच तर बायोप्सी, तीही दोन्ही रंगांच्या भागातून. आणि काहीच न तपासता कुणी दर आठवड्याला लुतेचं इंजेक्शन देऊ लागलं, तर दवाखाना बदला.

निदान पक्कं झालं, तर केस परत आणणारं औषध नाही. बायोटिन, कॅल्शियमच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. सौम्य शाम्पू वापरा, खसाखसा घासू नका, दुपारच्या उन्हात ठेवू नका, थंडीत अंगात जुना स्वेटर घाला. पुटकुळ्या आल्या किंवा खाजवू लागला तर दाखवा. तो बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि बरा होतो. एरवी आयुष्य पूर्ण जगेल.

या दोषात आई-बाप बहुधा दिसायला धडधाकट असतात, पण दोघांकडून दोषाची एकेक प्रत आली की पिल्लात तो उमटतो. म्हणून बांड्याची आणि भावाची वयात येताना नसबंदी करा. शेजाऱ्यांना सांगून त्या कुत्रीचीही उरकून घ्या, पुढच्या माजाच्या आधी.