वाचताना थांबतो तिथे कॉमा देतो, तरी इंग्रजीत चुकतो. नियम काय आहे?

तुम्ही लिहिलंय की दारव्हा तालुक्यात मराठी माध्यमात शिकलात, आता नोकरीचे अर्ज इंग्रजीत करता आणि वाचताना जिथे थांबता तिथे कॉमा देता. गडबड तिथेच आहे. इंग्रजीतला कॉमा दमावर नाही, वाक्याच्या रचनेवर ठरतो. म्हणून लिहून झालं की आधी प्रत्येक वाक्यातले कर्ता आणि क्रियापद शोधा.

सगळ्यात जास्त चुकतं ते हे: 'द रेन केम लेट, वी सोड सोयाबीन अगेन.' दोन्हीकडे वेगळा कर्ता, वेगळं क्रियापद, म्हणजे ही दोन पूर्ण वाक्यं. मराठीत 'पाऊस उशिरा आला, दुबार पेरणी करावी लागली' हे चालून जातं. इंग्रजीत नुसत्या कॉमावर ती जोडता येत नाहीत. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर कॉमानंतर 'सो' घाला. 'अँड', 'बट', 'ऑर' यांनाही ही मुभा आहे. 'हाउएव्हर', 'देअरफोर' यांना नाही; दोन वाक्यांच्या मध्ये ते आले तर आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम आणि नंतर कॉमा.

पण 'अँड' दिसला की कॉमा, असंही करू नका. 'माय फादर सोल्ड द कॉटन अँड पेड द लोन' यात विकणारा आणि फेडणारा एकच, कॉमा नको. 'माय फादर सोल्ड द कॉटन, अँड माय ब्रदर पेड द लोन' यात कर्ता बदलला, म्हणून कॉमा आला.

'तो म्हणाला की,' या आपल्या सवयीमुळे 'ही सेड दॅट,' असं लिहिलं जातं. तिथला कॉमा काढा. 'दॅट'पासून पुढचं सगळं 'सेड'चं कर्म आहे, आणि क्रियापद व कर्म यांच्यात एकटा कॉमा बसत नाही. कर्ता आणि क्रियापद यांच्यातही नाही, कर्ता कितीही लांब असो: 'द फार्मर्स हू ग्रो ऑरेंजेस निअर वरुड नीड वॉटर.' इथे 'वरुड'नंतर थांबावंसं वाटतं, तरी कॉमा देऊ नका.

याच वाक्यात 'हू'च्या आधी आणि 'वरुड'नंतर असे दोन कॉमे दिले, तर मात्र अर्थच बदलतो. कॉमे नसतील तर फक्त संत्रावाल्या शेतकऱ्यांना पाणी हवंय; कॉमे दिले तर ज्यांच्याबद्दल बोलतोय ते सगळेच संत्री पिकवतात असं होतं. मला हा सर्वांत महत्त्वाचा नियम वाटतो, कारण बाकीच्या बहुतेक चुका नुसत्या खटकतात, ही चूक मजकूरच बदलते.

'इफ', 'व्हेन', 'बिकॉज' यांनी सुरू झालेला भाग आधी आला तर तो संपल्यावर कॉमा द्या. तोच भाग शेवटी असेल तर सहसा लागत नाही.

यादीत शेवटच्या 'अँड'आधी ब्रिटिश पद्धतीत बहुधा कॉमा नसतो, अमेरिकन पद्धतीत बहुधा असतो. एका अर्जात एकच पद्धत ठेवा. मात्र 'आय थँक माय पेरेंट्स, द सरपंच अँड द ग्रामसेवक' असं लिहिलंत, तर सरपंच आणि ग्रामसेवक हेच तुमचे आईवडील, असाही अर्थ निघतो. तिथे 'अँड'आधी कॉमा द्याच.

तारीख '15 ऑगस्ट 2024' अशी लिहिली तर कॉमा नको. 'ऑगस्ट 15, 2024' असेल तर हवा. पगाराचा आकडा भारतात 1,50,000 असाच लिहा, परदेशी कंपनीला 150,000.