बाजी लावणारा एक, पैसे सहा जणांचे

प्रश्न : मी सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, वय ३१. यूट्यूबवर बघून एका परदेशी प्रेडिक्शन मार्केटवर, म्हणजे पुढे काय घडेल यावर पैसे लावायच्या मंचावर, खातं काढलं. अनोळखी माणसांकडून पी-टू-पीवर (थेट माणसामाणसांतल्या व्यवहारात) यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेली क्रिप्टो नाणी) घ्यायचे आणि निवडणूक, क्रिकेट अशा प्रश्नांवर ‘यस’ किंवा ‘नो’ घ्यायचं, असं चाललं होतं. कंपनीतल्या पाच मित्रांनी दहा-दहा हजार दिले. नफ्यातले वीस टक्के माझे ठरले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात मी माझी रेफरल लिंक टाकतो. मागच्या महिन्यात २४,००० रुपयांचे यूएसडीटी विकले. पैसे आले, पण दहा-बारा दिवसांत पगाराचं खातं गोठलं. बँक म्हणते, परराज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे. मी कुणालाही फसवलेलं नाही. खातं कसं सुटेल? दुसरं असं की, ताई न्यू जर्सीला असते. दाजी म्हणतात, तिकडे हे सगळं कायदेशीर आहे, मी माझ्या स्वतःच्या नावावर खातं उघडून देतो. तसं रीतसर सुरू करता येईल का?

उत्तर : आधी खात्याचं बघू, कारण घरचा हप्ता आणि किराणा त्यावर चालतो.

तुम्ही यूएसडीटी विकले तेव्हा समोरच्याने पाठवलेले २४,००० बहुधा चोरीचे होते. कुठेतरी कुणाला तरी ‘घरबसल्या काम’ सांगून किंवा केवायसीच्या नावाखाली लुटलं गेलं, त्याने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, आणि पैसे ज्या ज्या खात्यातून फिरले त्या प्रत्येक खात्यावर पोलिसांनी बोट ठेवलं. त्या साखळीत तुमचं खातं तिसरं किंवा चौथं असेल. म्हणून तुम्ही लगेच आरोपी ठरत नाही. मात्र पैसे कुठून आले हे दाखवण्याचं काम तुमच्यावर येऊन पडतं.

बँकेत तोंडी विचारून उपयोग नाही, लेखी अर्ज द्या. तीन गोष्टी मागा : तक्रारीचा पोचपावती क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि तपास अधिकाऱ्याचा अधिकृत ईमेल. मग त्या अधिकाऱ्याला पुरावे पाठवा : पी-टू-पी ऑर्डरचे स्क्रीनशॉट, समोरच्याचं नाव, यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, चॅट आणि वॉलेटमधून यूएसडीटी गेल्याची नोंद. मागणी अशी करा की, वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवावा आणि बाकी खातं, विशेषतः पगार, मोकळा करावा. बरेच अधिकारी इतपत मान्य करतात. नाही केलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली त्या ठाण्याच्या हद्दीतल्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. परराज्यात वकील शोधणं हा ताप आहे, खर्चिकही आहे, पण रस्ता तोच. दरम्यान कंपनीला सांगून पगार दुसऱ्या बँकेत वळवा. ‘सायबर सेलमधून बोलतोय, पाच हजार टाका, खातं उघडून देतो’ असा फोन आला तर ठेवून द्या. गोठलेल्या खात्यांचे मालक हे या भामट्यांचं आवडतं गिऱ्हाईक.

पोलिसांना काय सांगायचं, हे तुम्ही स्पष्ट विचारलेलं नाही, पण पत्राचा रोख तिकडेच आहे. ‘मित्राला उसने दिले होते, ते परत आले’ ही गोष्ट रचू नका. सगळी साखळी त्यांच्यासमोर असते, आणि खोटा जबाब तुम्हाला साक्षीदारावरून संशयितावर नेऊन बसवतो. यूएसडीटी विकले हे खरं आहे, तेच सांगा. मात्र ते कशासाठी घेतले होते हा प्रश्न त्यामागोमाग येणारच. त्यामुळे जबाबाला जाण्याआधी तुमचे कागद एखाद्या वकिलाला दाखवा.

आता मूळ धंद्याचं. ‘हे ट्रेडिंग आहे, जुगार नाही’ असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. यूट्यूबवाल्यांनी ते चांगलंच पढवलेलं दिसतंय. दिसायला ते तसंच असतं हे मान्य. ‘अमुक पक्ष जिंकेल का?’ याचा ‘यस’ ६२ सेंटला मिळतो; जिंकला तर एक डॉलर, हरला तर शून्य. निकालाआधी भाव चढला तर विकून बाहेरही पडता येतं. आपल्याकडच्या अ‍ॅपवर हेच दहा रुपयांच्या हिशेबात चालायचं. मग निफ्टीचे ऑप्शन, म्हणजे शेअर बाजारातले पुढच्या भावावरचे करार, चालतात, हे का नाही? ऑप्शनला कायद्याने वेगळं कवच दिलंय. रोखे करार नियमन कायद्याचं कलम १८अ सांगतं की, मान्यताप्राप्त शेअर बाजारावर झालेला डेरिव्हेटिव्हचा (ऑप्शन त्यातलाच एक) करार वैध आहे. ते कवच काढलं की ऑप्शनही भारतीय करार कायद्याच्या कलम ३० पुढे अडखळेल, कारण पैजेचा करार त्या कलमाने निरर्थक ठरतो. प्रेडिक्शन मार्केटला असं कवच नाही. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २९ एप्रिल २०२५ रोजी जाहीर इशारा दिला होता की, ओपिनियन ट्रेडिंगचे (याच धंद्याचं आपल्याकडचं नाव) असे मंच तिच्या नियमनाखाली येत नाहीत आणि तिथे गुंतवणूकदाराला कुठलंही संरक्षण मिळत नाही.

त्यानंतर चारच महिन्यांत ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि देशातल्या मोठ्या अ‍ॅपनी त्याच सुमारास पैशांचे खेळ बंद केले. कौशल्य की नशीब, हा जुना वाद या कायद्याने निकालात काढलाय : पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कोणत्याही प्रकारचा असो, तो ‘मनी गेम’. परदेशातून चालवून भारतात दिली जाणारी सेवाही त्यात येते. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या आहेत, पण त्या भरवशावर कुणी नवा डाव मांडू नये. आणि तुमचा मित्र म्हणतो तसे गोव्यात कॅसिनो चालतात हे खरं. ते गोव्याच्या परवान्यावर, ठरलेल्या हॉटेलांत आणि जहाजांवर चालतात. तो परवाना सिन्नरच्या मोबाइलपर्यंत पोचत नाही.

या केंद्रीय कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. शिक्षा आहे ती खेळ पुरवणाऱ्याला, त्याला हातभार लावणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची ने-आण करून देणाऱ्या बँका व पेमेंट कंपन्यांना. तुम्ही एकटे खेळत होतात तोवर या कुंपणाच्या अलीकडे होतात. पाच जणांचे पैसे गोळा करून त्यांच्या वतीने लावणं, त्यावर वीस टक्के घेणं आणि रेफरल लिंक फिरवणं यामुळे तुम्ही कुंपणावर चढून बसलात. जाहिरातीची बंदी सर्व माध्यमांना आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यातून सुटतो असं मला वाटत नाही. जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळ पुरवण्यात हात असल्याचं ठरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, तेही अजामीनपात्र. पन्नास हजारांच्या पुंजीवर कुणी एवढं टोक गाठणार नाही असं तुम्ही म्हणाल. पण तुमचा फोन आता कुठल्याही दिवशी तपासासाठी मागितला जाऊ शकतो. आजच लिंका टाकणं थांबवा. जुने मेसेज मात्र पुसू नका. तपास सुरू असताना पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा होतो.

ग्रुपवरच्या मेसेजची जी प्रत तुम्ही पाठवलीत, त्यात एक ओळ आहे : ‘मुद्दल माझी जबाबदारी, टेन्शन नको.’ सगळ्या प्रकरणात मला जास्त भीती वाटते ती याच ओळीची. मुद्दलाची हमी देऊन लोकांकडून पैसे घेतले की कुणीतरी ठेवीदार हितसंरक्षण कायद्याचं, म्हणजे १९९९ च्या एमपीआयडीचं नाव काढतं, आणि सोबत फसवणुकीची तक्रार येते. ती टिकेल की नाही हा पुढचा भाग. ठाण्यात चकरा आधी सुरू होतात.

दिवाणी बाजूने मात्र गंमत आहे. १९५९ साली घेरूलाल पारख यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर जवळपास तुमचंच प्रकरण होतं : हापूरच्या व्यापाऱ्यांशी गव्हाचे सट्ट्याचे सौदे करण्यासाठी दोघांची भागीदारी, नुकसान, आणि एकाने दुसऱ्याकडे मागितलेला अर्धा वाटा. न्यायालय म्हणालं, पैज निरर्थक आहे, पण बेकायदा नाही. म्हणून तिच्यासाठी केलेली भागीदारी टिकते. आपल्या महाराष्ट्रात ते लागू होत नाही, कारण जुन्या मुंबई इलाख्यासाठी १८६५ सालचा वेगळा कायदा आहे आणि तो पैजेला जोडून आलेले करारही निरर्थक ठरवतो. तेव्हा मित्रांना तुमच्यावर नफ्यासाठी दावा लावून काही मिळणार नाही, आणि तोट्यातला वाटा तुम्हालाही त्यांच्याकडून वसूल करता येणार नाही. हे वाचून हायसं वाटून घेऊ नका. दिवाणी दरवाजा बंद दिसला की माणूस पोलीस ठाण्याचा दरवाजा ठोठावतो. पाचही जणांची मुद्दल परत करा, रोख नको, बँकेतून, आणि प्रत्येकाकडून ‘पूर्ण रक्कम मिळाली’ असं लिहून घ्या. त्यासाठी दागिना गहाण ठेवावा लागला तरी चालेल.

दाजींची सूचना प्रेमापोटी असेल, पण ती सोडून द्या. अमेरिकेत काल्शीसारखा प्रेडिक्शन बाजार केंद्रीय नियामकाच्या परवान्यावर चालतो, इथपर्यंत त्यांचं बरोबर. पण खुद्द त्यांच्या न्यू जर्सीच्या अधिकाऱ्यांनी मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीला खेळांवरचे सौदे थांबवायची नोटीस दिली होती, आणि कंपनीला तिथल्या फेडरल न्यायालयातून तात्पुरता दिलासा घ्यावा लागला. शिवाय खातं त्यांच्या ओळखीवर आणि पैसे-निर्णय तुमचे, हे अशा बाजाराच्या नियमांत बसत नाही. उद्या गडबड झाली तर तिकडे त्यांना उत्तर द्यावं लागेल. इकडून डॉलर पाठवायचे तर बँकेच्या फॉर्मवर कारण लिहावं लागतं. लॉटरी, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक अशा गोष्टींसाठी पैसे बाहेर पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत मनाई आहे. ‘बहिणीला भेट’ लिहून बाजी लावायची, तर ते खोटं निवेदन झालं. फेमाखालचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखालचा, दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जातो.

कराचं थोडक्यात. सौदे बेकायदा असले तरी नफा करमुक्त होत नाही. यूएसडीटी विकून झालेल्या फायद्यावर ३० टक्के आणि वर सेस लागतो, एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही, आणि ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यालाही ३० टक्केच. गेल्या वर्षीच्या विवरणपत्रात हे दाखवलं नसेल तर सुधारित विवरणपत्राची मुदत उरली आहे का ते सीएला विचारा. परदेशी मंचावर अजून शिल्लक असेल तर तेही त्यांना सांगा.

ती शिल्लक काढायची घाई पुन्हा पी-टू-पीवरून करू नका, नाहीतर दुसरं खातंही गोठेल. बँकेला द्यायचा अर्ज दोन प्रतींत करा आणि एका प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. पुढे दंडाधिकाऱ्यांपुढे जायची वेळ आली तर पहिला कागद तोच लागेल.