ट्रॅव्हलर या अंतराळातल्या रोल-प्लेइंग गेममध्ये पात्राला नौदलात घालू, मरीनमध्ये की लष्करात? सोलापुरात आम्ही चौघं खेळतो, जहाज चालवणारा कुणीच नाही.

नौदलच घ्या. मंगूस या प्रकाशकाच्या दुसऱ्या आवृत्तीत पहिलंच करिअर नौदल असेल तर मूलभूत प्रशिक्षणात पायलट 0 (जहाज चालवण्याचं प्राथमिक कौशल्य) आपोआप मिळतं. मरीन आणि लष्कराच्या त्या यादीत ते नाहीच. भरतीला बुद्धिमत्ता 6+ लागते (दोन फाशांची बेरीज आणि त्या गुणाचा बोनस मिळून 6 किंवा जास्त), लष्कराला सहनशक्ती 5+, मरीनला 6+. पण नौदलाच्या फ्लाइट शाखेच्या मोहात पडू नका. तिथं तगून राहायला चपळाई 7+ लागते, म्हणजे बोनस नसेल तर दोन फाशांवर जेमतेम 58 टक्के. हुकलात की अपघात होतो, बहुधा नोकरी जाते आणि त्या चार वर्षांच्या टप्प्याचा लाभही बुडतो. चपळाईचा गुण 9 पेक्षा कमी, म्हणजे बोनस नसेल, तर लाइन/क्रू शाखा बरी: तगायला बुद्धिमत्ता 5+, 83 टक्के. बुद्धिमत्तेचा गुणच 5 किंवा कमी असेल तर मात्र सरळ लष्कर.